लाल कप्पा सोडून

२४ मार्च
तोंडाला रंग लावायचं काम उद्यापासून. मोनिका म्हणली, आज्जे, रोज काय झालं ते लिहून ठेव. बियाण्याच्या कंपनीची डायरी पडून होती, ती घेतली. सातवीपर्यंत शाळा झाली माझी. दोन ओळी तिला तोंडी सांगीन, तिच्या मोबाइलवरच्या व्हिडिओपुरत्या. बाकीचं इथं.

मोनिका माझी नात. जालन्याला पार्लरचा कोर्स केला, वर्षभर रेल्वेनं जाऊन येऊन राह्यली. आता तिला बदनापुरातच, स्टेशन रोडची आपली खोली पाह्यजे. त्या खोलीत तिचे आजोबा सायकलीचे पंक्चर काढायचे. ते गेल्यापासून कुलूप हाय. खोली माझ्या नावावर. माझा पोरगा भारत म्हणतो, माय, खताच्या दुकानाला भाड्यानं दे. पोरगी म्हणते मला दे. दोघांच्या किरकिरीनं डोकं उठलं. सांगून टाकलं, मोनिकाचा रंगाचा माल मी लावून पाहते. घरच्या अन् शेतातल्या कामात टिकला तर खोली मोनिकाची, धुऊन गेला तर खताची.

भारत हसला. "माय, परीक्षा पोरीची हाय का तुझी?"

मीच काहून, तर मे महिन्यात तिला पहिली नवरी मिळालीय. वंदनाबाईची इंद्रायणी. ती माझ्या रंगाची, चांगली काळी. मोनिका तिच्या मायवर गेली, गोरी. काळ्या तोंडाच्या मालाची परीक्षा गोऱ्या तोंडावर कशी होईल?

डोळ्यावर लावायच्या रंगाची डब्बी दाखवली. बारा कप्पे. मी म्हणलं, लाल सोडून काय लावायचं ते लाव. "बरं," म्हणली. काहून ते इचारलं न्हाई. पोरगी तशी शहाणी हाय.

२५ मार्च
पहिली बाटली. हिला फाउंडेशन म्हणतात. बोटानं न्हाई लावायचं, स्पंजानं थापायचं. भिंतीला गिलावा करतात तसं.

भाकरी थापताना वाफेनं ओठावरचं गेलं. कपाळावरचं दुपारी भुवईत उतरलं. पदरानं पुसलं तर पदर गेला. आरशात पाह्यलं, तोंड राखाडी अन् गळा काळा. चुलीतल्या राखेत झोपून उठलेल्या मांजरीवानी.

मोनिका म्हणली, "ही दोन नंबर उजळ हाय आज्जे. नवऱ्या हीच मागतात."

नापास.

२८ मार्च
डोळ्याला तपकिरी. मोसंबीच्या बागेत गेले. मृगाच्या बहाराचा माल निघून राह्यला, निवडायला बसलो. पुष्पाबाई शेजारची, रोज संगं असते. तिनं वाकून वाकून पाह्यलं.

"नंदाबाई, डोळे आलेत का तुमचे?"

"न्हाई. रंग लावलाय."

"आता हो कोणाला दाखवायचा?"

"तुला. तूच पाहून राह्यली सकाळपासून."

बाया हसल्या. पुष्पाबाई न्हाई हसली. जेवायच्या टायमाला लांब बसली, पण ठेचा माझ्याकडंच मागितला.

रंग टिकला. धूळ बसून अजून गच्च झाला. तपकिरी पास. पापणी जड वाटते, सवय होईल.

२ एप्रिल
दुसरी बाटली लावून पगारीच्या कामाला गेले. निराधारची पगार येते मला, त्याच्यासाठी मोबाइलपुढं तोंड दाखवावं लागतं. तिथला पोरगा म्हणला, मावशी, डोळे उघडा, झाका, उघडा. चारदा केलं. मशीन म्हणते ही बाई ती न्हाई.

"काही लावलंय का तोंडाला?"

"व्हय."

त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं की जशी मी चोरी करून आले. नळावर तोंड घासून आले, मंग मशीननं वळखलं. रांगेतली एक म्हातारी म्हणली, "बाई, सरकारला तू रडकीच पाह्यजे."

दुसऱ्या बाटलीची तपासणी अर्धीच झाली. साबणाशिवाय निघत न्हाई एवढं कळलं.

६ एप्रिल
रामनवमी. जांब समर्थला गेलो, सूनबाई मीना, मोनिका अन् मी. गर्दी लै. मुद्दाम दुसरी बाटली अन् डोळ्याला जांभळा लावून गेले. गर्दीत टिकतं का ते पाहायचं होतं.

देवळाच्या बाहेर एक बाई आल्या-गेल्या बायांना हळद-कुंकू लावून राह्यल्ती. लांबच्या गावची असंल, मला वळखत न्हाई. तिचं बोट माझ्या कपाळापोतर आलं. मंग तिनं माझ्या गळ्याकडं पाह्यलं, काळ्या मण्यांची पोत न्हाई. बोट तसंच मीनाच्या कपाळाला गेलं. "माफ करा मावशी," म्हणली, "तोंडाहून वाटलं न्हाई."

बरोबर केलं तिनं. रीत हाय. मोनिकाच तोंड पाडून बसली गाडीत. तिला सांगितलं, तपासणीला आल्तो, मिरवायला न्हाई.

बाटली दुसरी घामात टिकली, पण नाकाच्या बाजूला भेगा पडल्या. बिना पाण्याच्या तळ्यावानी. जांभळा पास.

१० एप्रिल
हिरवा, निळा, मोरपंखी. तिन्ही एकाच दिवशी उरकले, एका डोळ्याला एक अन् मोरपंखी मधी. एक एक दिवस घालवायला मला काम न्हाई का? बकरीनं वळखलं, बाकी सगळे पाहून राह्यले.

हिरवा गळतो. गालावर पडला.

१३ एप्रिल
नवरी निघताना रडते. मंग माल रडण्यात टिकला पाह्यजे. मोनिकाला हे सुचलंच न्हाई. तिसरी बाटली आली होती, पिवळसर झाकेची, आपल्या कातडीच्या जवळची. ती लावली, काजळ घातलं, डोळ्याला तांब्यावानी तांबूस रंग, अन् कांदे घेऊन बसले. मीनाला म्हणलं, आज काय करायचं ते कांद्याचंच कर.

पाणी आलं, पण माझ्या डोळ्याला कांद्याची सवय. नवरीएवढं न्हाई आलं. रडायची परीक्षा पक्की झाली न्हाई.

तिसरीच बाटली बरी.

१६ एप्रिल
वंदनाबाई इंद्रायणीला घेऊन आल्ती, लग्नाच्या अगोदर एकदा लावून पाहायला. पोरगी गप बसणारी. मायच बोलते.

"मोनिका, अशी गोरी कर की सोयरे पाहात राह्यले पाह्यजेत."

मी म्हणलं, "सोयऱ्यानं पोरगी पाह्यली न्हाई का?"

"पाह्यली ना. दोनदा आल्ते."

"मंग रंग त्यांना माहीत हाय. मांडवात दुसरीच उभी केली तर म्हणतील बदलून दिली."

वंदनाबाईला राग आला. "नंदाबाई, तुमचं कसं हाय, तुम्हाला आता काय फरक पडतो?"

मला काही फरक पडत न्हाई हे खरं हाय. म्हणून तर मी सांगून राह्यले.

मोनिका मधी पडली. पहिली बाटली लावून दाखवली. वंदनाबाई खूश. इंद्रायणीनं आरशात पाह्यलं अन् मंग माझ्याकडं पाह्यलं. हळूच म्हणली, "आज्जी, तुम्ही कोणती लावली? तुमची दिसून न्हाई राह्यली." मायनं कोपर मारलं.

शेवटी ठरलं, पहिलीच. पोरीच्या मायपुढं मोनिकाचं काय चालतंय.

२० एप्रिल
नात्यातल्या शालूच्या पोरीच्या लग्नाला गेल्तो. मागं बसले होते तरी दिसलं. नवरीचे हात पिवळे, गळा पिवळा, कान पिवळे अन् तोंड चुना. डोक्यात एकदम आलं. घरी आल्या आल्या मोनिकाला इचारलं.

"इंद्रायणीची हळद कधी?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी."

"तू रंग कवा जुळवला?"

"सोळा तारखेला."

"हळदीच्या तोंडाला कोणता रंग जुळतो?"

ती म्हणली, "क्लासमध्ये बाईंनी बिना हळदीच्याच पोरी बसवल्या आज्जे. हळदीवर कोणी लावून न्हाई दाखवलं."

आमच्याकडं हळद लावून पुसून टाकत न्हाईत, रात्रभर ठेवतात, मुरवतात. नवरी पिवळी दिसलीच पाह्यजे. त्याच्यावर ही राख काय रंग धरील, देव जाणे. पोरगी घाबरली. पहिलीच नवरी, ती बिघडली की गावात दुसरी मिळत न्हाई. खोली घेऊन काय आरसे पुसत बसंल?

"माझ्यावर लावून पाहते हळद," म्हणली.

"तुझ्या गोऱ्या तोंडावर काय कळंल?"

 

२२ एप्रिल
आज लावली.

दुपारी. भारत बाजारात, मोनिका जालन्याला माल आणायला. हळद घरचीच, तेलात कालवली. लग्नात दळतात तशी पाह्यजे म्हणून पाट्यावर वाटून घेतली. आरसा दरवाज्यापाशी नेला, उजेडासाठी. कपाळ, गाल, हनुवटी, गळा. मोनिकाचे आजोबा गेल्यापासून अकरा वर्षं हळदीला हात लागला न्हाई, भाजीत टाकायची सोडून. हळदीचा वास भाजीत निराळा असतो अन् तोंडावर निराळा. तेलामुळं असंल.

मीना आली. शेतातून जल्दी येईल असं वाटलं न्हाई. दारातच उभी राह्यली, हातातला इळा तसाच. मी म्हणलं, "मोनिकाच्या कामाचं हाय. बोंबलू नको."

तिनं इळा ठेवला, हात धुतले, येऊन बसली. मंग म्हणली, "आत्या, कानामागं राह्यली." अन् तिनंच लावली. कानामागं, मानेवर, कोपरावर, पायावर. मी म्हणलं पायाची काय गरज, रंग तोंडाला लावायचा हाय. ती म्हणली, "नवरीला लावतात तशी लावू द्या. मंगच बराबर कळंल."

हळद डोळ्यात गेली. दोन्ही. पाणी लै आलं, थांबेना. मीना पंख्यानं वारा घालत बसली. तिच्यापण गेली असंल, हात तेच.

२३ एप्रिल
रात्रभर ठेवली, सकाळी धुतली. दुधानं अन् बेसनानं, नवरीला धुतात तशी. मोनिका रात्री आली तव्हा तिनं काही इचारलं न्हाई. मायनं सांगितलं असंल.

पहिली बाटली अर्ध्या तोंडाला, तिसरी अर्ध्या तोंडाला. पहिली हळदीवर हिरवट पडली. शेवाळावानी. मोनिकाच्या हातातला स्पंज खाली पडला. तिसरी बसली, कातडीवानीच. वरून तांबूस थोडा लावला की पिवळेपण दबतं, सोनं दिसतं.

एवढं करायला एक दुपार लागली. तिच्या बाईंनी वर्षभराची फी घेतली. जाऊ दे.

अन् काल रडायची परीक्षापण झाली, काजळ घातलेलं होतं. पसरलं न्हाई. काजळ पास.

रात्री जेवताना भारत माझ्या गळ्याकडं पाहात राह्यला. पिवळं सगळं निघत न्हाई. भाकरी तोडलेली हातातच. मला वाटलं आता लोक काय म्हणतील ते सुरू करतो. म्हणलं, "काय पाहतो? खा." खाल्ली. नंतर स्वयंपाकघरात मीनासंगं खुसपुस चालली होती.

२४ एप्रिल
पुष्पाबाई बागेत म्हणली, "कोणाच्या हळदीला गेल्ता?"

"कोणाच्या न्हाई."

"मंग मानेला काय हाय?"

"हळद."

दिवसभर तिनं मान वर केली न्हाई. मोसंबी चांगली निवडली आज.

२७ एप्रिल
स्टेशन रोडनं येत होते तर खोलीचं कुलूप उघडं. आत भारत. मोनिकाच्या आजोबांचे जुने ट्यूब, टायर, पंप बाहेर काढून राह्यला. घामानं भिजला होता.

"हे काय?"

"उंदीर झालेत."

"खतवाला आला का?"

"त्याला न्हाई म्हणून सांगितलं."

"निकाल अजून लागला न्हाई. लग्न व्हायचंय."

"लागू दे ना माय. मी काही म्हणून राह्यलो का?"

खतवाला भाडं कमी देत असंल. व्यवहार बराबर कळतो भारतला. पंप मात्र त्यानं फेकला न्हाई, पुसून खिळ्याला लटकवला. पार्लरात पंपाचं काय काम?

४ मे
इंद्रायणीचं लग्न. ऊन मरणाचं. मोनिका पहाटेच गेली, मी मीनासंगं मागून.

ज्या खोलीत नवरी सजवत होते तिथं मी गेले न्हाई. इंद्रायणीची मोठी मावशी दारातच उभी होती अन् कोणी आत जावं ते पाहात होती. बाहेर कूलरपाशी खुर्ची होती, तिथं बसले. हवा बरी होती.

थोड्या वेळानं मोनिका बाहेर आली. रडायच्या बेतात. "आज्जे, वंदनाकाकू पहिलीच बाटली लाव म्हणतायत. हळद गच्च हाय. मी सांगून थकले. म्हणतात, ठरलं होतं तेच कर."

"भांडत बसू नको. अर्ध्या तोंडाला पहिली लाव, अर्ध्याला तिसरी. खिडकीशी उजेडात उभी कर अन् मायला दाखव. जल्दी कर, मुहूर्त निघून जाईल."

गेली. आतून पहिले वंदनाबाईचा चढलेला आवाज. मंग वंदनाबाईच म्हणली, "अगं बाई, पूस ते, पूस आधी."

तयार होऊन नवरी निघाली. काळीच होती, अन् लै चांगली दिसली. इंद्रायणीच दिसली. मावशी म्हणली, चल चल, मामा वाट पाहून राह्यला. तर ही पोरगी माझ्या खुर्चीपुढं येऊन थांबली. वाकली अन् तोंड पुढं केलं.

"आज्जी, पाहा बरं. कुठं राह्यलं का?"

 मावशीनं माझ्याकडं पाह्यलं. मी काय करू? पोरीनं इचारलं, अन् राह्यलं होतंच. कानामागं रंग पोचला न्हाई, हळद उघडी दिसून राह्यल्ती. बोटानं सारखं केलं. "आता जा," म्हणलं.

बोटाला पिवळं लागलं. पदराला पुसलं न्हाई, लुगडं नवं होतं.

निघताना लै रडली. वंदनाबाई तिच्याहून जास्त. जीप गेल्यावर वंदनाबाई तशाच डोळ्यांनी माझ्यापाशी आली अन् म्हणली, "तोंड बिलकुल बिघडलं न्हाई हो नंदाबाई." मी म्हणलं, "तपासलं होतं."

तिसरी बाटली पास.

५ मे
किल्ली मोनिकाला दिली. नाचली, गळ्यात पडली. एवढं काय करायचं, मालानं परीक्षा दिली, पास झाला, खोली मिळाली. पंप काढायचा न्हाई म्हणते. राहू दे भिंतीला, खात न्हाई काही.

पुष्पाबाई संध्याकाळी आली. तिच्या पुतणीचं लग्न हाय, बदनापुरातच. मोनिकाला इचारायचं होतं, पण बसली माझ्यापाशी. "हळदीवर तीच तिसरी बाटली ना?" म्हणली. म्हणजे सगळं ठाऊक हाय गावाला.

८ मे
मोनिकानं मोबाइल पुढं धरला. म्हणली आज्जे, आता डब्बीचा निकाल सांग, खरं खरं. सांगितलं. तपकिरी पास, जांभळा पास, तांबूस एकदम पास. हिरवा घेऊ नका, गळतो. सोनेरी चमकी नाकावर उतरते, चांदीची न्हाई उतरत. काळा पोरींनी लावावा, म्हाताऱ्या बायांचे डोळे खोल दिसतात. मोरपंखीला बकरी भेत न्हाई, माणसं भेतात.

"अन् लाल?"

"तो न्हाई पाह्यला."

"मंग डब्बी घ्यावी का न्हाई?"

मी म्हणलं, एक कप्पा सोडून घ्यावी. तिनं मोबाइल बंद केला. पण माझंच मला बरोबर वाटलं न्हाई. बाया पैसे बारा रंगांचे देणार. अकराच पाहून निकाल सांगायचा, ही कोणती रीत?

९ मे
लाल लावला. सकाळी, मोनिका उठायच्या आधी, माझ्या हातानं. भाकरी केल्या, बागेत गेले, ऊन होतंच. बाया पाहात होत्या. पुष्पाबाईनं पाह्यलं अन् डबा माझ्याशेजारीच उघडला. ठेचा आज तिनं आणला होता. येताना बाजारात गेले, भाजी घेतली. भारत स्टेशनवर भेटला, म्हणला, माय, पिशवी दे इकडं.

दिवे लागल्यावर आरशात पाह्यलं. जसा सकाळी तसाच होता.

लाल पास. तोंड उद्या धुवीन.